बट्टा लागलेला रुपया

जुन्या नाण्यांचा शौकीन रुपया हातात घेतो तेव्हा आधी राजाचा चेहरा पाहत नाही, ओरखडे पाहतो. तेही भिंगातून. कडेला टोचा, गालावर रेघ, कुठे घासल्याची खूण, एवढ्यावरून भाव कोसळतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० गुणांची मोजपट्टी मांडली. आज ती सगळ्याच नाण्यांना लावतात. आम्ही शिक्षक ३५ ला पास करतो. इथे ६० ला सुरुवात होते ती कधी वापरलेच नाही अशा नाण्याची, आणि त्याचेही गुण कापतात, कारण टांकसाळीच्या थैलीत नाणी एकमेकांवर आपटलेली असतात!

‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो. बट्टा हा शब्द सराफाच्या पेढीवरचा. मोगली रुपयावर बादशहाचे जुलूसी साल असे. नाणे जुने झाले, झिजले, की बदलून देताना सराफ काही रक्कम कापून घेई, तो बट्टा. चांदी खरी आहे का हे पाहायला तो रुपयावर बारीक ठसाही मारी. नागपूरकर भोसल्यांचे रुपयेसुद्धा अहमदशाह बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेले. उर्दू शिकवत असल्यामुळे त्यावरची अर्धीमुर्धी अक्षरे लावण्यात मला मौज वाटते. संग्राहक मात्र अक्षरांआधी सराफाचे ठसे मोजतो. त्या काळी ठसा म्हणजे नाणे तपासल्याची साक्ष होती, आज तो डाग आहे.

एका खोटीने मात्र भाव वाढवला. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमानांनी हरकत घेतली, सरकारने नाणे मागे घेतले आणि १९१२ मध्ये हत्ती नीट कोरला. आता शौकीन १९११ चाच रुपया शोधतात, तोही बिनओरखड्याचा.

हे सगळे मला कळले ते विरासतीच्या वाटणीत. अम्मींच्या मागे वीस रुपयांची हमेल राहिली. मलिका व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज, सगळे एका दोऱ्यात. प्रत्येक रुपयाला वर कडी झाळलेली, मागची बाजू कुर्त्याला घासून गुळगुळीत झालेली. शिवाय डबीत एक सुटा रुपया, कधी ओवलाच नव्हता. भाईजानने हिंगणघाटला घरीच एका जाणकाराला बोलावले. सुट्या रुपयाला त्याने हमेलीतल्या दहा रुपयांएवढा भाव दिला. हमेल उलटसुलट पाहून म्हणाला, “भाऊ, ही मोड आहे. कडी काढली तरी झाळ दिसणारच.”

भाईजान म्हणाला, “मग चिंचेने उजळून देऊ का?” त्यावर तो माणूस जवळजवळ ओरडलाच. चांदीवरचा काळपट थर नाण्याला बाधत नाही. घासले की मात्र बारीक रेघा पडतात आणि छाप मारताना आलेली मूळ झळाळी जाते, ती पुन्हा आणता येत नाही. तुमच्या घरी जुने रुपये असतील तर एवढे ध्यानात ठेवा: विकायचे असोत वा नसोत, ना चिंच, ना राख, ना पावडर.

अम्मींचा हिशेब निराळा होता. इंग्रजी रुपया म्हणजे एक तोळा. जकात काढताना त्या रुपये मोजत. ओरखड्याचा बट्टा त्यांनी कधी कापला नाही. वाटणीही तशीच झाली. सुट्या रुपयाचे पैसे चार हिश्शांत, दोन भाईजानचे, एकेक आम्हा बहिणींचा. हमेलीतले दहा रुपये त्याला, पाच-पाच आम्हाला.

धाकटीला मुलाची फी भरायची होती. तिचे पाच रुपये विकायचे तर दोरा कापावा लागणार होता. मीच कात्री आणली. तिने हमेल हातात घेतली, एकेक कडी चाचपत राहिली. भाईजानने सराफाला फोन लावून मोडीचा भाव विचारला आणि तेवढे पैसे तिच्या हातात ठेवले.

“आता हे पाच तुझे,” ती म्हणाली.

“ठेव तुझ्याकडेच,” तो म्हणाला, “सगळी हमेल ठेव.” मग माझ्याकडे पाहिले. मी कात्री परत शिलाई मशीनच्या खणात टाकली.