पाण्याची, वाटेची, दळणाची गाणी

अमेरिकन लोकगायक रॅम्बलिन जॅक इलियटने ‘अ स्ट्रेंजर हिअर’ हा अल्बम काढला तेव्हा तो ७७ वर्षांचा होता. साल २००९. ब्रुकलिनमधल्या डॉक्टरचा हा मुलगा मिसरूड फुटायच्या वयात घरातून पळाला आणि रोडिओवाल्यांना जाऊन मिळाला. पुढे लोकगायक वुडी गथ्रीच्या पाठोपाठ गिटार घेऊन गावोगाव फिरला. जन्मभर लोकगीतं गायलेल्या या माणसाने उतारवयात हात घातला तो १९२०-३०च्या काळातल्या ब्लूजला. गाणी दहाच. ती आधी गायली होती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या, गरीब माणसांनी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा घोळवायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं, अशी यांतल्या काही गाण्यांची साधी बांधणी.

ही गाणी पुन्हा गाणारे पुष्कळ झाले. इलियट त्यांच्यात वेगळा वाटतो, कारण तो मूळ गायकांची नक्कल करत नाही. त्याचा आवाज खरबरीत झाला आहे, मधेच कापतो, आणि तो कंप लपवायची धडपडही तो करत नाही. निर्माता जो हेन्रीने भोवती वाद्यं ठेवली आहेत, पण ती गाण्यावर चढत नाहीत. म्हातारा माणूस शेजारी बसून सावकाश काहीतरी सांगतोय असं वाटत राहतं. पंचविशीतल्या गळ्याला हे साधलं नसतं. दुःखाचं गाणं गाताना घाई न करणं ही वयाचीच मिळकत आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्या दहांतलं एक गाणं फरी लुइसचं आहे. रेल्वेच्या अपघातात त्याचा एक पाय गेला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या काही तबकड्या निघाल्या, मग लोक विसरले. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याने मेम्फिस शहराचे रस्ते झाडले. पहाटे झाडू घेऊन निघणारा हा माणूस काय गाऊ शकतो, हे त्या रस्त्यांवरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असल्यामुळे हा प्रश्न मला सोडत नाही. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, मग एमआयडीसी, बजाज, टेल्को आले. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. कामासाठी गाव सोडलेल्या माणसांनी हे शहर उभं केलं. चाकणजवळच्या महाळुंगे, कुरुळी, खराबवाडीच्या एकेका खोलीत चार-पाच पोरं राहतात. एक पहिल्या पाळीवरून येतो, दुसरा तिसऱ्या पाळीला निघतो, अंथरूण तेच असतं. त्यांच्यातल्या कुणाची आजी कोणत्या ओव्या म्हणायची, हे सुपरवायझरच्या हजेरीपुस्तकात नसतं.

ओवी मला ब्लूजची सख्खी बहीण वाटते. दोन्ही गाणी कष्टातून आली, दोन्हींत तक्रार थेट मांडलेली आहे, आणि दोन्हींना श्रोत्यांची गरज नव्हती. पहाटे जात्याला हात घातला की एकीने ओळ काढायची, समोरचीने ती उचलायची. सासुरवास, मेलेलं लेकरू, दारुडा नवरा, सीतेचा वनवास, पुढच्या काळात बाबासाहेब, सगळं त्यात आलं. घरातल्या पुरुषापुढे जे तोंडातून निघत नव्हतं, ते जात्यापुढे निघालं. गावात गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, पण ओव्या बायकांच्या तोंडात उरल्या. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत काम करणाऱ्या गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी त्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. गावातल्या कार्यकर्त्या बायकांनीच हे काम पुढे नेलं. राज्यातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. बर्नार बेल यांच्या पुढाकाराने शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. पॉइतवँ २००४मध्ये गेले, राईरकर २०१०मध्ये. २०१७पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात लोकांपुढे येऊ लागला.

ठेवा सांभाळला गेला, याबद्दल कृतज्ञता वाटते. तरी गाणं जपलं जाणं वेगळं आणि गायलं जाणं वेगळं. ब्लूजच्याही तबकड्या जपल्या गेल्याच होत्या. पुढच्या माणसाने त्या ऐकून स्वतःचं तोंड उघडलं, तेव्हा ती गाणी आजची झाली. इलियटच्याच वर्षी, १९३१मध्ये, आपल्याकडे लोकशाहीर विठ्ठल उमप जन्मले. भारूड, गोंधळ, कोळीगीत, भीमगीत, त्यांनी काय गायलं नाही? कुणाकुणाच्या तोंडून आलेलं ‘जांभूळ आख्यान’ त्यांनी म्हातारपणीही अशा तडफेने उभं केलं की द्रौपदीच्या मनातला कर्ण समोर दिसावा. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये नागपुरात मंचावरच ते कोसळले. जुनं गाणं म्हातारा गळा कुठवर नेऊ शकतो, हे पाहायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही.

इलियटच्या अल्बमची सुरुवात पुराच्या गाण्याने होते. १९२७मध्ये मिसिसिपी फुटली, लाखो माणसं घराबाहेर पडली, त्यांत काळे मजूर फार होते. टेक्सासच्या अंध गायक ब्लाइंड लेमन जेफरसनने त्याच साली ते गाणं ध्वनिमुद्रित केलं. ब्रुकलिनच्या माणसाचा त्या पाण्याशी काय संबंध? तो गातो तेव्हा मात्र हा प्रश्न मनात येत नाही. मला पवना आठवते. आमच्या नळाचं पाणी पवना धरणातून सुटतं, नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. त्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. पुनर्वसनासाठी त्यांच्या पिढ्या झगडत राहिल्या. ९ ऑगस्ट २०११ला, धरणातून शहरासाठी टाकायच्या बंद जलवाहिनीला विरोध करायला माणसं मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरली. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले, त्यांत एक बाई होती. या पाण्याचं गाणं शहराने ऐकायला हवं. रोज हंडा भरणाऱ्यांनी तर आधी.

म्हणून मला असा एक अल्बम हवा आहे. गाणारी बाई साठीच्या पुढची असावी, मावळातली किंवा खेड तालुक्यातली, जिने स्वतः जातं ओढलंय. साथीला एकतारी आणि हलकी ढोलकी, बस्स, कीबोर्ड नको. ओळ उचलायला समोर दुसरी बाई हवीच. ती बीड-परभणीकडून चाकणला आलेली कामगार असली तर फार बरं, तिच्याकडची चाल निराळी असेल. आवाज फाटला तर फाटू द्यावा, पुन्हा रेकॉर्ड करू नये. पहिलं गायन चाकणच्या कांदाबाजारात व्हावं, शनिवारी, लिलाव आटोपल्यावर, हमाल मोकळे झालेले असताना. सुरुवात भावाच्या ओव्यांनी करावी, कारण तिथे जमलेला प्रत्येक जण कुठल्यातरी गावात राहिलेल्या बहिणीचा भाऊ असणार. धरणाच्या, जमिनीच्या ओव्या त्यानंतर, सलग, मधे निवेदन न करता.