जामीन कोण राहिला?

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण मला पुरत नाही. तिच्यातला तिसरा आपला वाटेने चाललेला असतो, भांडण दिसले म्हणून थांबतो. प्रत्यक्षात त्याला कोणीतरी हाक मारलेली असते, आणि बहुतेक वेळा ती पैशासाठी असते. शिवाय तिसरा लाभ घेऊन गेल्यावर त्या दोघांतला एक दुसऱ्याहून मागे का राहिला, याबद्दल म्हण गप्प आहे.

ठाणे आणि कळवा यांच्यामधली खाडी आम्ही कल्याण-डोंबिवलीकर लोकलमधून रोज ओलांडतो. ती एके काळी दोन राज्यांची सीमा होती. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढच्याच वर्षी सुरतेत, पेशवेपदासाठी भांडणाऱ्या रघुनाथरावांनी इंग्रजांच्या अडीच हजार फौजेच्या मोबदल्यात साष्टी, वसई आणि महिना दीड लाख रुपये कबूल केले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई-कल्याण पेशव्यांकडे परत आले, ठाण्यासह साष्टी इंग्रजांकडे राहिली. मग पस्तीस वर्षे ठाण्यात इंग्रजांची कंपनी आणि खाडीपलीकडे पेशवा. कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख ज्या कल्याणच्या दात्यांची नावे सांगतात, ते बंदर पुढे तालुक्याचे गाव झाले आणि जिल्ह्याची कचेरी ठाण्यात बसली. या सीमेमुळेच का? मला तसे वाटते. पण नुसत्या वाटण्यावर किती भार टाकावा?

त्याच किल्ल्यात, म्हणजे आजच्या ठाणे कारागृहात, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे पुढे कैदेत होते. पहारा मुद्दाम गोऱ्यांचा ठेवला होता. बिशप हेबरने नोंदवलेली कथा अशी की, खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करताना मराठीत गात असे, आणि त्या गाण्यातच सुटकेचा बेत असे. पहारेकऱ्यांना अक्षर कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी त्या गाण्यात इतका रमलो की, मुळात हा माणूस आत का होता, हे विचारायचेच राहिले.

आत होते ते गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून. गायकवाडांचे हे वकील १८१४ मध्ये पुण्याला आले ते पेशव्यांच्या थकबाकीचा हिशेब मिटवायला, आणि त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. बडोद्यात तर १८०२ पासूनच अरब शिबंदीचा थकलेला पगार भागवण्यासाठी इंग्रज सावकारांना जामीन राहिले होते. जामीनदार घरात आला की हळूहळू घरच त्याला विचारून चालते. हैतीत जामीनदार नव्हता, पण देण्याचा फास तसाच होता. १८२५ मध्ये फ्रान्सने स्वातंत्र्याची किंमत म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले, ते फेडायला हैतीने फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढले. शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाहून हैती आज किती गरीब आहे, हे बोलताना त्या कर्जाची आठवण काढावीच लागते.

इथवर माझा राग सरळ होता, मुंबईकर इंग्रजांवर. पण मग १७५१ साल आडवे येते. दमाजी गायकवाडांना कैदेत टाकून पेशव्यांनीच अर्धा गुजरात आणि थकबाकीची रक्कम त्यांच्याकडून कबूल करून घेतली होती. १८१४ मध्ये शास्त्री ज्या हिशेबासाठी आले, त्याची मुळे तिथवर जातात. मग बडोद्याला परका कोण होता? पुणे की मुंबई? आधी शेजाऱ्यानेच मान दाबलेली असली, तर जामीन राहणाऱ्याला किती दोष द्यायचा? मी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना जाऊन आलो, आणि आता पहिल्याइतकी खात्री उरलेली नाही.

१३ जून १८१७ च्या पुणे तहात पेशव्यांनी गायकवाडांवरच्या जुन्या मागण्या वर्षाला चार लाखांवर सोडल्या, आणि त्याच तहाने कल्याणसह उत्तर कोकण कंपनीला दिले.