बद्द वाजणारी भिंत

आमच्या धंद्यात अहवालाच्या शेवटच्या पानावर इंजिनिअरची सही असते, खाली नोंदणी क्रमांक असतो. शाळा, ग्रामीण रुग्णालये, पंपघरे, ग्रामपंचायतीच्या इमारती भूकंपात आणि पुरात कितपत टिकतील हे तपासण्यात माझी सारी नोकरी सरली. अशा किती अहवालांवर माझी सही आहे ते आता मलाही सांगता येणार नाही. त्यात जे खरोखर कामाचे होते ते मला ज्यांनी दाखवले, त्यांची नावे मात्र एकाही अहवालात नाहीत. फॉर्मात तसा रकानाच नसतो. हे देणे फिटण्यासारखे नाही, निदान कबूल तरी करावे म्हणून लिहितो आहे.

सगळ्यात जुने देणे औसा तालुक्यातल्या एका गवंड्याचे. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो, ते मला सायेब म्हणायचे. वयाने ते माझ्या वडिलांएवढे होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी त्यांच्याच तालुक्यातल्या किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा. जगाच्या हिशेबात हा आकडा फार मोठा नाही, तरी दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपविभागांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. बाकीच्या गावांत उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण निघाले, आणि त्या कामावर माझ्यासारखी नवी पोरे हातात फॉर्म घेऊन फिरू लागली.

फॉर्ममध्ये लिहायचे असे: भिंतीची जाडी, मजले, छताचा प्रकार, भेगा आहेत किंवा नाहीत. एका जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत चांगली दोन फूट जाड होती, वरून चुन्याचा हात दिलेला, भेग एकही नाही. मिस्त्री माझ्या मागून आले, हातोडी उलटी धरली आणि लाकडी दांड्याने जमिनीपासून डोक्यापर्यंत भिंत ठोकत गेले. कोपऱ्याजवळ आवाज भरीव होता. खिडकीच्या बाजूला, कमरेच्या वर, तो बदलला. बद्द, बद्द.

“कान लावा सायेब. हितं भितीला पोट आलंय. दोन पदरं सुटल्याती. मधी निस्ता चुरा हाय, दोन भाकरीच्या मधी भरल्यावानी.”

मराठवाड्यातल्या जुन्या भिंतीची सारी गोष्ट त्या आवाजात होती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड ठिकठिकाणी घालायला हवा, तो घातलेला नसतो, कारण तसा लांब दगड घडवायला मजुरी पडते. वर्षानुवर्षे पावसाचे पाणी आत मुरते आणि माती वाहून जाते. जमीन हलली की दोन थर दोन दिशांना जातात. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असेल तर त्यावर फूट-दीड फूट माती असतेच. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायची रीत, आणि जुना कोणी काढत नाही. किल्लारीत कितीतरी घरांत लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी राहिल्या, भिंती तेवढ्या ढासळल्या.

उपाय कागदावर सोपा होता: भिंतीत आरपार भोक पाडायचे, वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचे. मिस्त्रींनी तो करून दाखवला तेव्हा कळले की सगळे कसब दगड काढण्यात आहे. छिन्नी-घणाचे ठोके दिले तर आसपासचे दगडही सैल होतात. ते छोट्या पहारीने एकेक दगड कडेला हलवायचे, मग वर, मग खाली, हलणारा दात काढावा इतक्या सावकाश, आणि कोणत्याही दगडाला घाई करायचे नाहीत. अर्धे भोक आतल्या बाजूने, अर्धे बाहेरच्या. तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद, म्हणजे काँक्रीट आवळले की दोन्ही पदरे धरली जातात. खिडक्यांच्या वरून भिंतीभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरायचा, तो वेगळा.

त्या काळात लोकांना दगडाचीच भीती बसली होती. मजबूत घरेही पाडून पत्र्यात राहायला जाणारे होते. मिस्त्रींचा त्यावर संताप व्हायचा. दगडाचा काय दोष, जोडणाऱ्यानं जोडला नाही, हे ते जो ऐकेल त्याला ऐकवायचे. त्यांच्या स्वतःच्या घराची भिंतही बद्द वाजत होती. मजबुतीकरणाची यादी करताना मी त्यांचे घर आधी धरले होते, आणि त्यांनी मला ते खोडायला लावले.

“आधी साळा करा. घर माझं हाय, मी बघीन कवातरी. साळंत समद्या गावाची लेकरं बसत्यात.”

पुढे अग्रक्रम ठरवण्याच्या कितीतरी बैठकांना मी बसलो. गुण द्यायचे तक्ते होते, टक्केवारी होती. मिस्त्रींच्या वाक्यात नव्हते असे फारसे काही मला त्यात सापडले नाही. भारतीय मानकातही तेच आहे, फक्त आकड्यात: नवी इमारत आखताना दवाखाना, शाळा, अग्निशमन केंद्र असल्या वास्तूंसाठी भूकंपाचा भार साध्या घराच्या दीडपट धरायचा, कारण आपत्तीनंतर गावाचा सारा भार त्यांच्यावर येतो. हा दीडपट नियम नव्या इमारतीला लागतो. गावात आज उभ्या असलेल्या इमारती जुन्या आहेत, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

इथे रूरकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांचे नाव घेतले पाहिजे. गवंडीच बांधतात अशा, इंजिनिअरचा हात न लागलेल्या घरांसाठी १९८६ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली तिच्या समितीचे ते अध्यक्ष होते. मोठमोठी धरणे आणि पूल सोडून एवढ्या मोठ्या माणसाने दगडमातीच्या भिंतीकडे लक्ष दिले, याचा मला तरुण वयात फार आधार वाटला. त्यांचे लिखाण मी मिस्त्रींना वाचून, समजावून सांगायचो. ते मान डोलवायचे आणि एखादी आकृती दाखवून म्हणायचे, “ह्ये बराबर हाय.” जणू तपासायला त्यांच्याकडेच पाठवले होते.

भुजच्या भूकंपाने धडा आणखी कडू केला. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी तिथले सिव्हिल हॉस्पिटलच कोसळले. ज्या क्षणी हजारो जखमींना दवाखाना हवा, त्याच क्षणी तो नाहीसा झाला आणि उपचार उघड्यावर करावे लागले. नंतर त्याच गावात नवे रुग्णालय शिसे-रबराच्या आधारांवर बांधले, जमिनीचे हिसके इमारतीपर्यंत कमी पोचावेत म्हणून. इमारत पडली नाही की प्रश्न मिटला, असे आम्हा इंजिनिअर मंडळींना तेव्हा वाटायचे. ती समजूत कृष्णाकाठच्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या इनचार्ज सिस्टरने मोडून काढली. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

पुराच्या दृष्टीने त्या इमारतीची पाहणी करायची होती. नकाशावर मी रेषा बघून आलो होतो. आपल्याकडे पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. दवाखाना लाल रेषेच्या बाहेर, थोडा उंचावर. सिस्टरने माझा नकाशा शांतपणे बघितला आणि मला मागच्या बाजूला नेले, संडासांकडे.

“पाणी दारातनं येत नाही सर. पहिल्यांदा हितनं येतंय. नदी रस्त्यावर दिसायच्या आधी.”

नदीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर चढली की पाणी गटारातून उलटे चालते, ही साधी गोष्ट. मग त्या मला खोलीखोलीतून घेऊन गेल्या. लसींचा फ्रिज तळमजल्यावर, विजेच्या बोर्डाखाली. सर्पदंशाचे इंजेक्शन त्याच खोलीत, आणि पुरात साप बिळातून वर येतात तेव्हाच ते लागते. प्राणवायूची सिलिंडरे भिंतीला टेकून उभी, साखळी नाही. जमीन हलली तर ती आधी आडवी होणार. सिस्टरनी नाडीने बांधली होती, जुन्या परकराच्या. जनरेटर मागच्या शेडमध्ये, अंगणाच्या पातळीला. शेडची चावी ज्या शिपायाकडे, तो फरशी पुलापलीकडे राहणारा, आणि तो पूल दवाखान्यात पाणी येण्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. म्हणजे दवाखाना कोरडा असतानाच तिथे अॅम्ब्युलन्स पोचत नाही, डॉक्टर पोचत नाहीत, चावीही पोचत नाही.

“बाळंतीण काय पूर वसरायची वाट बघतीया होय?” त्या म्हणाल्या, आणि वरच्या मजल्यावरची एक अडगळीची खोली उघडून दाखवली. तिथे त्यांनी स्वतःच एक टेबल, गॅसबत्ती आणि उकळलेल्या पाण्यासाठी पातेली ठेवली होती. सरकारी भाषेत याला पर्यायी प्रसूतिकक्ष म्हणता आले असते. त्यांनी तसे म्हटले नव्हते, नुसती तयारी केली होती.

त्या दिवसापासून कुठल्याही दवाखान्याची पाहणी मी रस्त्यापासून सुरू करू लागलो आणि संडासापाशी संपवू लागलो. त्या अहवालात मी चार गोष्टी सुचवल्या: गटाराच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप, जनरेटरला उंच ओटा, फ्रिज वरच्या मजल्यावर, सिलिंडरांना साखळ्या. सगळे मिळून खर्च दर्शनी भागाला नव्याने लावलेल्या फरशीपेक्षा कमी होता. फ्रिज सिस्टरनी त्याच आठवड्यात गावातली पोरे बोलावून वर चढवला. साखळ्याही आल्या. ओट्याच्या प्रस्तावाला मंजुरी मिळेपर्यंत त्या निवृत्त झाल्या. आपल्याकडे रंगरंगोटीला पैसे निघतात, जनरेटर चार फूट उचलायला निघत नाहीत, हे माझे अनेक वर्षांच्या अनुभवावरून झालेले मत आहे आणि ते बदलण्याचे कारण मला अजून मिळालेले नाही.

शंभर वर्षांतून एकदा, हे शब्दही फसवे आहेत. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. इमारत तीस वर्षे वापरायची असेल तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता चारात एकाहून जास्त भरते; निळ्या रेषेचा पूर दहांत सात वेळा येतोच. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ साली ५७ च्या वर, आणि दोनच वर्षांनी पुन्हा ५५ च्या आसपास. २००५ ची तैलरंगातली खूण भिंतीवर बघून लोकांनी सामान त्याच्या वर ठेवले होते. २०१९ ने ती खूण बुडवली.

हे गणित मला पुस्तकातून माहीत होते. ते पाण्यात कसे दिसते हे एका पंपचालकाकडून कळले. कोल्हापुरात २०१९ च्या पुरात शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असलेले शहर टँकरवर आले. हे चालक तिथले नव्हते, जवळच्याच एका गावच्या योजनेवर होते. त्यांचे म्हणणे असे की जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, नदीतच असणार, ती हलवता येत नाही, त्यावर डोके फोडू नका. “मोटर बुडाली तर वाळवून, वाइंडिंग करून चालू होतीया साहेब. पॅनेल बोर्ड बुडाला की महिना गेला. तेवढा उचला.” त्यांनी दाखवलेल्या उंचीवर, त्यांच्या डोक्याच्याही वर लोखंडी कैची ठोकून आम्ही पॅनेल बसवला. २०२१ साली पंपघरात पाणी शिरले, पॅनेलपर्यंत पोचले नाही.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनी मजबूत केलेली शाळा वापरात आहे आणि मध्यंतरी तिच्या भिंतीवर मी स्वतः दांडा ठोकून आलो. ती भरीव वाजते. त्यांचे घर मात्र त्यांच्या हयातीत राहूनच गेले. मुलाने नंतर ते पाडून विटांचे बांधले, चारही बाजूंनी पट्टा देऊन. पट्टा घालायचा हे त्याला वडिलांनी सांगितले होते, मी नाही.

तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या पावसाळ्याआधी एकदा जाऊन या. जनरेटर किती उंचीवर आहे, त्याची चावी कुणाकडे असते आणि तो माणूस ओढ्याच्या कुठल्या बाजूला राहतो, एवढे बघा. साहेबांना विचारू नका, सिस्टरना विचारा. आणि जे कळेल ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावासकट.