तीन वाजतांची जाग

नगरचा किल्ला आमच्या घरापासून फार दूर नाहीं. १९४२ च्या ऑगस्टांत काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांस येथेंच आणून ठेविलें होतें, हें येथील शाळकरी मुलेंही सांगतात. मौलाना आझादांची त्यांतील एक हकीकत मात्र आमच्या वाचनांत फार उशिरां आली, आणि अशा दिवसांत आली कीं, ती आम्हांस आमचीच वाटली.

मौलाना किल्ल्यांत असतां त्यांच्या पत्नी कलकत्त्यास अत्यवस्थ झाल्या. १९४३ च्या मार्चांत ती वार्ता येथें पोंचली. सरकारकडे याचना करणें त्यांच्या मनास मानवेना. रोज दुपारीं वर्तमानपत्र येई. तें घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याचें पाऊल वाजलें कीं, मौलानांचें काळीज धडधडूं लागे. परंतु तो समोर येईपर्यंत ते चेहरा सांवरीत, व हंसून, पत्र मेजावर ठेवण्याची खूण करून लिहीत बसत. जेवावयासही वेळेवर येत. भूक मात्र मेली होती. ९ एप्रिलला पत्नी निवर्तल्या. 'गुबार-ए-खातिर' मधील एका पत्रांत त्यांनीं हें सारें मोकळेपणीं लिहिलें आहे. अटकेच्या वेळीं १७० पौंड असलेलें त्यांचें वजन, किल्ल्यांतून हलविलें तेव्हां १३० वर आलें होतें.

गेल्या वर्षीं आमचे वडील बंधू पुण्यास रुग्णालयांत होते. घरीं आम्ही धीराचा आव आणून वावरत होतों. फोनची घंटा वाजली कीं छातींत धस्स होई, पण उठत असूं सावकाश. रात्रीं तीनच्या सुमारास डोळे उघडत, ते उघडेच राहत. महिन्याभरानें डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला व भुंवया चढविल्या.

"चेहरा आपल्या ताब्यांत असतो, ग्रंथी नसतात," असें म्हणून त्यांनीं आम्हांस थोडें शास्त्र ऐकविलें. मेंदूस संकटाची चाहूल लागली कीं, मूत्रपिंडांवरील दोन लहान ग्रंथींस हुकूम सुटतो. ॲड्रिनॅलिन क्षणांत रक्तांत उतरतें व छाती धडधडते. मागून येतें तें कॉर्टिसोल. तें रक्तांतील साखर वाढवून शरीरास सज्ज ठेवितें. एरवीं तें मध्यरात्रीच्या सुमारास अगदीं उतरलेलें असतें व पहांटेकडे हळूहळू चढूं लागतें. चिंता लांबली तर तें रात्रींही पुरतें उतरत नाहीं, झोंप उथळ होते. आणि झोंप मोडली कीं दुसऱ्या सायंकाळीं तेंच पुनः चढें राहतें. या रहाटगाडग्यांत रक्तदाब आणि मधुमेह दोहोंसही वाट मिळते. हान्स सेल्ये यांनीं १९३६ सालीं उंदरांवर प्रयोग केले, तेव्हां छळ थंडीचा असो वा जखमेचा, त्याच ग्रंथी फुगलेल्या आढळल्या. संकट खरें कीं कल्पिलेलें, हें त्या बिचाऱ्या विचारीत नाहींत.

डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या, फिरावयास सांगितलें, निजतेवेळीं फोनचा उजेड डोळ्यांपुढें नको अशी ताकीद दिली. कारण झोंपेची वर्दी देणारें मेलॅटोनिन अंधारांतच स्रवतें. शेवटीं विचारलें, "घरांत सांगितलेंत का?"

सांगितलें नव्हतें. त्या रात्रीं धीर करून आमच्या गृहिणीस सांगितलें कीं, आम्हांस रोज तीनला जाग येते.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मीही तेव्हां जागीच असतें. म्हटलं, आपण होऊन सांगाल तेव्हां बोलूं."

मौलानांस पहांटे तीन-चारला उठून स्वहस्तें चहा करण्याची जुनी संवय होती, असें त्यांच्या पत्रांत आहे. बंधूंस घरीं आणावयास अजून तीन आठवडे होते. तेवढे दिवस आमच्या स्वयंपाकघरांतही त्याच वेळीं आधण चढत असे. निद्राशास्त्रास हें मुळींच संमत नाहीं. डॉक्टरांस आम्हीं तें अद्याप कळविलेलें नाहीं.