उसनी फांदी

आताशा शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जाणारी बाई विरळा झाली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात रात्री दहापर्यंत सगळे मिळते, आणि मागण्याचा संकोचही वाढला आहे. पण जुन्या उसनवारीतल्या दोन गोष्टी आमच्या नांदेडच्या गल्लीत अजून टिकून आहेत. एक विरजण आणि दुसरी फांदी. विरजणासाठी वाटी घेऊन आलेल्या पोरीला कोणी रिकामी परत पाठवत नाही. आणि दारावरून जाता जाता थबकून, "वहिनी, ह्या जास्वंदीची एक फांदी द्या की," म्हणणाऱ्या बाईलाही कोणी नाही म्हणत नाही. चमचाभर दही दिल्याने आपले दही संपत नाही. फांदी दिल्याने झाडही संपत नाही; उलट छाटलेल्या जागेखालून दोन नवे फुटवे येतात.

ज्यांना मागण्याइतकाही धीर होत नाही त्यांच्यासाठी निराळी सोय आहे. मनी प्लांटची फांदी चोरूनच लावावी, तरच घरात पैसा येतो, असे आमच्याकडे मोठ्या खात्रीने सांगतात. या समजुतीपायी माझ्या दारातला वेल कितीदा तरी बोडका झाला आहे. चोरणारी कोण ते मला ठाऊक असते, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक असते. तिच्या घरी पैसा आल्याचे अजून ऐकिवात नाही. वेल मात्र गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून लोंबतो आहे.

हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ नावाच्या एका लहानशा बेटावरचा. त्याला फूल जवळजवळ येतच नाही. फुलण्यासाठी झाडाच्या अंगात जिबरेलिन नावाचे जे द्रव्य तयार व्हावे लागते, ते त्याच्या अंगात पुरेसे तयार होत नाही. फूल नाही म्हणून बी नाही. तरीही तो जगभरच्या घरांत जाऊन पोचला, तो केवळ फांदी-फांदीने, या हातातून त्या हातात जात. त्यातले काही हात चोरीचे असतील, असू देत.

मी दहावीपलीकडे शिकले नाही. सकाळी बालवाडीत मुलांना शिकवते आणि दुपारी कादंबऱ्या लिहिते. वनस्पतिशास्त्र मला पुस्तकातून आले त्याहून अधिक आईच्या लातूरच्या गच्चीवरून आले. आणि तसे पाहिले तर तुकड्यापासून झाड करण्याची विद्या मराठवाड्याला कोणी नव्याने शिकवावी असे नाही. लातूरकडे ऊस लावतात तो बी पेरून नव्हे, डोळे असलेली टिपरी मातीत आडवी घालून. नांदेडजवळच्या अर्धापूरची केळी नावाजलेली. केळीच्या बुडाशी फुटणारे मुनवे काढून लावायचे, ही तिथली जुनी रीत. वसमतची हळद कंदापासून. ज्या शेतकऱ्याच्या घरी हे सगळे चालते, त्याच्या बायकोने परसात जास्वंदीची फांदी खोचली तर तिने नवल ते काय केले!

तरी फांदी लावण्याचे एक शास्त्र आहे. फांदी फार कोवळी नको आणि फार जूनही नको; पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब पुरे. तिला दोन-तीन पेरे असावीत, कारण मुळे फुटतात ती बहुधा पेराशी, आणि नवी पालवी येते ती पेरावरच्या डोळ्यातून. मनी प्लांटचे नुसते देठासकट पान पाण्यात ठेवले तर ते कितीतरी दिवस हिरवे राहील, त्याला मुळ्याही फुटतील, पण वेल म्हणून ते कधी वाढायचे नाही, कारण त्याला डोळा नाही. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका आणि धारदार सुरीने घ्यावा. वरच्या टोकाला शेणाचा लहानसा गोळा लावला की ते वाळत नाही. निम्मी माती, निम्मी वाळू, जागा सावलीची, ओल असावी, चिखल नसावा. आषाढ-श्रावणात फारसे काही करावे लागत नाही, आभाळच सगळे सांभाळते.

मुळे का फुटतात हेही आता माणसाला कळले आहे. फांदीच्या शेंड्याकडे एक द्रव्य तयार होऊन खाली उतरत असते. फांदी तोडली की त्याची वाट खुंटते, ते कापलेल्या जागी साचते आणि तिथल्या पेशी आपले जुने काम सोडून मुळे घडवायला लागतात. फ्रिट्स वेंट या डच संशोधकाने १९२० च्या दशकात ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून हे द्रव्य वेगळे काढून दाखवले. त्याला ऑक्झिन म्हणतात. रोपवाटिकेत मुळे फुटण्यासाठी जी पूड विकत मिळते, ती याच जातीच्या द्रव्याची. म्हणजे ज्या जागी घाव बसला, तिथेच मूळ धरते. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

बालवाडीच्या खिडकीत मी बाटल्यांतून अशा फांद्या ठेवते. पाण्यातून दिसणारी पांढरी मुळे पाहायला मुलांची झुंबड उडते. एकदा एका चिमुरडीने विचारले, "बाई, हिची आई कुठंय?" मी दारातल्या वेलाकडे बोट दाखवले. तिचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. कारण फांदी ही झाडाची मुलगी नसते. बी पडून जे उगवते ते मूल. त्यात दोघांचे रक्त असते, ते आईसारखे निघेलच असे नाही. फांदी म्हणजे तेच झाड. जागा बदलली, कुंडी बदलली, वर्षे लोटली, तरी जीव तोच.

आमच्या घरात असा एक जीव आहे. तो मोगरा आहे.

आईचे माहेर किल्लारीजवळच्या एका खेड्यात. लग्नात रुखवताच्या सामानात आजीने मोगऱ्याची एक मुळावलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तांब्यात घालून दिली होती. भरगच्च पाकळ्यांच्या या मोगऱ्याला बी सहसा धरत नाही. तो पुढे न्यायचा तर फांदीनेच. लातूरच्या गच्चीवर तो वाढला. आई त्याची फुले सगळ्यांना देई, फांदी मात्र कोणाला देत नसे. "माझ्या माहेरचा आहे तो," एवढेच म्हणे. तिच्या स्वभावातला तेवढाच एक कंजूषपणा आम्हाला ठाऊक होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या थोडे आधी, धरणी हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. दगडामातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे. उन्हाळ्यात त्यांच्यासारखा गारवा नाही. पण त्या पहाटे तीच माणसांच्या अंगावर आली. त्या भागात हजारो माणसे गेली. आमची आजी गेली. मी तेव्हा शाळेत होते. चार दिवसांनी आई तिथे जाऊन आली, तेव्हा अंगण कुठले आणि घर कुठले हे ओळखू येत नव्हते, असे तिने सांगितले. मोगऱ्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

पण पुढच्या आषाढात तिने आपण होऊन मोगऱ्याच्या फांद्या लावायला घेतल्या. डालडाचे डबे, फुटक्या बादल्या, जे मिळेल त्यात. मुळे धरली की एकेक डबा उचलायचा आणि कोणाच्या तरी दारी नेऊन ठेवायचा. शेजारी झाले, नातेवाईक झाले, दळणाला जायची त्या गिरणीवालीलाही एक दिला. वडील चेष्टेने म्हणाले, "आता माहेर वाटायला काढलंय वाटतं!" आई म्हणाली, "एका जागी ठेवलेलं एका रात्रीत जातं." त्यानंतर त्यांनी तिची चेष्टा केली नाही.

यानंतर आले २०१६ साल. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम निघाला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. आपल्या गावाला पाणी रुळांवरून येते आहे हे पाहून माणसांना हसावे की रडावे ते कळेना. कालिदासाची शकुंतला झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाण्याला तोंड लावत नसे. पण कण्वाच्या आश्रमाशेजारून मालिनी वाहत होती. आईने काही दिवस तांदळाच्या धुवणावर आणि आंघोळीच्या पाण्यावर कुंड्या जगवल्या. पुढे आंघोळीच कमी झाल्या. तिने गावभर वाटलेले मोगरेही एकेक करून वाळत चालल्याच्या बातम्या येऊ लागल्या. गावात वाटून भागत नाही, गावाबाहेरही काही ठेवावे लागते, हे त्या उन्हाळ्याने दाखवले.

एका दुपारी अहमदपूर-लोह्यावरून येणाऱ्या एस.टी.ने, ओळखीच्या एका मास्तरांच्या हाती, माझ्याकडे एक स्टीलचा डबा आला. आत ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या नऊ फांद्या. ते फडके भिजवायला तिने कोणते पाणी वापरले असेल, हा विचार मला डबा उघडताच आला. आमच्या नळाला तेव्हा कमी का होईना, पाणी येत होते.

वैशाखाच्या तोंडावर मोगऱ्याची फांदी लावणे म्हणजे दैवाची परीक्षाच. संध्याकाळी आईचा फोन आला. "पानं अर्धी-अर्धी कापून टाक," ती म्हणाली. "तिला अजून मूळ नाही, म्हणजे जमा काही नाही. पानं मात्र खर्च करत राहतात. खर्च कमी केला तरच तगंल." ती झाडाबद्दल बोलत होती की घराबद्दल, ते मी विचारले नाही. पाने खरोखरच आपल्यातले पाणी हवेत सोडत असतात. मूळ नसलेली फांदी त्यानेच मरते. मी पाने कापली, बाटल्यांची बुडे कापून त्या फांद्यांवर उपड्या घातल्या, म्हणजे आतली ओल आतच राहावी. रोज संध्याकाळी आई विचारी, "फुटलं का?" आणि रोज बजावी, "उपटून बघू नकोस. पान ताठ झालं की समजून घे."

नवांपैकी सात वाळल्या. लातूरच्या गच्चीवरचा मोगराही जूनच्या आत गेला. दोन फांद्यांची पाने ताठ झाली.

त्या वर्षी पुढे पाऊस चांगला झाला, मांजरा भरली. आमच्याकडे एक रीत आहे, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये. भाऊबीजेला मी लातूरला गेले तेव्हा तोच स्टीलचा डबा फराळाने भरून नेला, आणि दुसऱ्या हातात कुंडी. आईने चकल्यांकडे पाहिलेही नाही. कुंडी मांडीशी घेऊन ती बराच वेळ माती चाचपत राहिली. मग म्हणाली, "आता ह्याची एक फांदी तुझ्या नणंदेकडं परभणीला दे."

आई गेल्याला आता चार वर्षे झाली. मोगरा लातूरला आहे, नांदेडला आहे, परभणीला आहे, आणि पुण्याला माझ्या भाचीच्या चौथ्या मजल्यावरही आहे. आजीच्या अंगणातले ते झाड मी शेवटचे शाळकरी वयात पाहिले, असे मी पूर्वी म्हणत असे. आता तसे म्हणत नाही. त्याच झाडाची फुले मी उन्हाळ्यात रोज वेचते.

गटे नावाच्या थोर जर्मन कवीला, जो आपल्या शाकुंतलावर लुब्ध झाला होता, पानफुटीचे मोठे वेड होते. पानाच्या कडेवर इवली इवली रोपे धरणारी ही वनस्पती. तिची पाने तो आपल्या स्नेह्यांना भेट म्हणून पाठवी. एवढ्या मोठ्या माणसालाही देण्यासाठी एक पान पुरेसे वाटले, हे मला बरे वाटते.

दिवाळीत घरोघर फराळाचे डबे फिरतील आणि ते परत करताना त्यांत काय घालावे, असा प्रश्न पडेल. साखर घालतात, फळ घालतात. कडाक्याची थंडी पडायला अजून अवकाश आहे. दोन-तीन पेरांची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घातली तरी चालेल. देताना एवढेच सांगावे, की हिला मुळे फुटली आणि ही वाढली, म्हणजे तुम्हीही कोणाला तरी एक द्या. शक्यतो दुसऱ्या गावी.