एका डोळ्यास त्रिमिति

डहाणू-तलासरीकडील वारली घरांच्या गेरूनें सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठानें जीं चित्रें काढतात, त्यांत जवळचें मोठें व दूरचें लहान असा नियम नाहीं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली, ती याच सपाट चित्रकलेसाठीं. आमच्या काकूंची उजव्या डोळ्याची दृष्टि काचबिंदूनें गेली आहे. त्या म्हणतात, "हीं चित्रें मी तुमच्याइतकींच पाहतें."

मुलें चष्मे लावून त्रिमिति चित्रपट पाहण्यास निघालीं, कीं काकू घरीं राहतात. त्यांत रुसवा नाहीं. तो चष्मा दोन डोळ्यांना दोन निराळीं चित्रें दाखवितो आणि मेंदू त्यांतून खोलपणा जुळवितो. एकाच डोळ्यानें ती जुळणी कशी व्हावी?

डेनिस गेबर यांनीं १९४७ सालीं शोधलेली होलोग्राफी निराळी आहे. तींत वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशलहरींची ठेवणच नोंदली जाते. त्यामुळें मान हलवितांच जवळची वस्तु दूरच्या वस्तूपुढून सरकते, आणि तेवढ्यावरून एका डोळ्यासही अंतर कळतें. चष्म्यावांचून चालणारे होलोग्राफिक पडदेही निरनिराळ्या दिशांना निरनिराळीं चित्रें पाठवितात; तीं पुरेशीं दाट असलीं, कीं हाच लाभ मिळतो.

गेल्या दिवाळींत पुतण्यानें होलोग्रामची एक कांच आणली. दिव्याच्या उजेडांत ती धरून काकूंनीं मान डावीउजवीकडे हलविली, आणि म्हणाल्या, "अरे, कपामागें चमचा आहे कीं रे!"

नव्या पडद्यांची किंमत मी तरी याच आनंदानें करीन.