जोडावरची वीज

ज्याला मराठीत अतिसंवाहकता म्हणतात, त्याला उर्दूत फौक मोसलियत. दोन्ही शब्द मुलांना जडच. अर्थ एवढाच, की वीज कसलाही रोध न होता वाहते.

२०१४ साली हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी बिस्मथ टेल्युराइड आणि आयर्न टेल्युराइडचे पातळ थर एकमेकांवर चढवले. पहिला टोपोलॉजिकल इन्सुलेटर : आतून वीज अडवणारा, पृष्ठभागावरून मात्र वाहू देणारा. दुसऱ्यात अणूंचं चुंबकत्व उलटसुलट दिशांनी पक्कं बांधलेलं. एकेकटा यातला कुणीच अतिसंवाहक नाही. दोघं भेटतात त्या जोडावर मात्र, सुमारे १२ केल्विनला, रोध नाहीसा होतो.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, "वा सर, एकात्मतेच्या भाषणाला मस्त दाखला!"

मला तो नको वाटला. अशा भाषणांत दोन्ही बाजू हातात हात घेतात आणि होत्या तशाच राहतात. इथे, संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे, पहिल्याच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांमुळे दुसऱ्याची ती चुंबकीय बांधणीच सैल होते. शिवाय १२ केल्विन म्हणजे उणे २६१ अंश सेल्सिअस. भाषणात ही थंडी कोण सांगतो?